गुंत्याचा आकडा

आमच्या ऑफिसात एक गुरुजी आहेत. त्यांना पगार नाही, रजा नाही, ते चहा पीत नाहीत आणि कुणाचं ऐकूनही घेत नाहीत. आपण लिहिलेला कोड पुढे पाठवला की तो आधी गुरुजींसमोर जातो. ओळ फार लांब झाली, नाव धड ठेवलं नाही, एकाच ठिकाणी नको तितकं कोंबलं, की गुरुजी लाल शेरा मारून सगळं परत पाठवतात. हा अर्थातच एक प्रोग्राम आहे, कोडची शिस्त तपासणारा. गुरुजी हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलं. मला ते सुरुवातीला आवडलं नव्हतं, कारण माझे वडील खरोखरचे गुरुजी होते.

ऑफिस म्हणजे जुळे सोलापुरात दुचाकीच्या शोरूमवरचा एक हॉल आणि त्यात आम्ही आठ-दहा माणसं. मालक माझा कॉलेजचा मित्र. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो: ऑर्डरी, सुताचा साठा, कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये कुठल्या क्रमाने भरायचा. सगळ्यात जुना मी. पहिली ओळ मी लिहिली, त्यामुळे पहिले घोळही माझेच.

गुरुजी सगळ्यात जास्त ज्यावर चिडतात तो म्हणजे गुंत्याचा आकडा. फंक्शन म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, एक काम करणारा. त्यात एक 'जर' लिहिला की दोन वाटा झाल्या. आणखी एक लिहिला, आणखी एक वाट वाढली. गुरुजी या वाटा मोजतात आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की कोड घेत नाहीत. तो आकडा एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. ती फाइल बदलायचा हक्क माझ्याकडे होता. आमच्याकडे सुरुवातीला पंधरा ठेवला होता, आणि तोही मालकाच्या हट्टाखातर.

मला तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटायचा. ट्रक भरण्याचं माझं फंक्शन होतं ना, त्याचा आकडा इतका मोठा होता की नवीन माणूस आला की त्याला तो मुद्दाम दाखवला जायचा. ट्रक सोलापुरातून निघतो, आधी बार्शीला माल उतरवतो, मग करमाळ्याला जातो. म्हणजे करमाळ्याचा माल आधी आत ढकलायचा आणि बार्शीचा दाराशी ठेवायचा. त्यात पुन्हा ओला होऊ नये असा माल, घडी मोडू नये असा माल, एका व्यापाऱ्याचं दुसऱ्याच्या खाली चालत नाही अशी भानगड. 'जर'च्या पोटात 'जर', त्याच्या पोटात 'जर'. गुरुजींनी यात नाक खुपसू नये म्हणून मी त्याच्या डोक्यावर एक सूट देणारी ओळ लिहून टाकली होती. ते सगळं माझ्या डोक्यात उभं होतं, मग आकड्याची काय गरज?

मग एका सकाळी विजापूर रोडवर डाव्या बाजूने रिक्षा आली आणि माझ्या गाडीला घासून गेली. पडलो नाही, पण रिक्षावाला उतरला आणि ओरडला, "ओ काका, केवढा हॉर्न मारला! लक्ष कुटं हाय तुमचं?" हॉर्न मी ऐकला होता. रिक्षा मात्र मला दिसलीच नव्हती. ती आली तेव्हा एकदम पूर्ण आली, मधला येण्याचा भाग नव्हताच. मी गाडी कडेला लावली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. मला काय झालंय ते मला तेव्हाच कळलं, डॉक्टरांकडे नंतर गेलो.

काचबिंदू. वडिलांनाही तोच होता.

वडील बार्शीला एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांची नजर कडेकडेने जात होती आणि त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फळ्यावर आधी लिहिलेल्या ओळीवरच ते दुसरी ओळ लिहायचे, त्यावर तिसरी. वर्ग हसायचा. वडील घरी येऊन म्हणायचे, पोरं फार वांड झाली आहेत. मग एका संध्याकाळी ते घरी आले, दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "आज पोरं हसली न्हाईत." आई भाकऱ्या थापत होती. तिने परात बाजूला सारली आणि तशीच पिठाच्या हातांनी बसून राहिली. मी लहान होतो, मला वाटलं ही चांगली बातमी आहे, पोरं सुधारली. पोरांना कळलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. वडील त्यानंतर शाळेत गेले नाहीत. पुढची सगळी वर्षं ते दाराजवळच्या खुर्चीत बसून पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायचे. बहुतेकदा चुकायचे, आणि आम्ही बरोबर आहे म्हणायचो.

मला ती खुर्ची नको होती. बाकी काय वाटेल ते चाललं असतं. मला काम करायचं होतं, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने. दुसरं मला काही येतही नाही. म्हणून मी बायकोला सांगितलं आणि बाकी कुणालाही नाही. याची मला लाज वाटत नाही.

काचबिंदूत नजर किती उरली ते एका यंत्रावर मोजतात. हनुवटी टेकवायची, समोरच्या एका दिव्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठेही बारीक ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्याच वेळी माझ्या लक्षात आलं की ठिपके ठरावीक अंतराने येतात. आयुष्यभर हेच तर केलंय, यंत्राची चाल ओळखायची. मी तालावर बटण दाबत गेलो. बाहेर आलो तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, दिसल्याशिवाय दाबायचं नाही हं. मशीन मधूनमधून ठिपका दाखवतच नाही, तेव्हाही तुम्ही दाबलंय. परत बसा." परत बसलो. या वेळी जे दिसलं तेवढंच दाबलं. कागदावर जो नकाशा छापून आला त्याच्या कडा काळ्या होत्या.

डॉक्टर भले होते, म्हणून फार बोलले नाहीत. नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. थेंब दिले. पुढे एक ऑपरेशनही झालं. ऑफिसात मी मोतीबिंदू म्हणून सांगितलं, लोकांनी नारळपाणी आणलं.

मधलं मला नीट दिसत होतं. पण कोड ही काही मधल्यामध्ये वाचायची गोष्ट नाही. डोळा वर जातो, खाली येतो, हा 'नाहीतर' कुठल्या 'जर'चा ते कडेच्या मोकळ्या जागेवरून एका क्षणात समजतं. माझी ती कडच गेली होती. मी अक्षरं मोठी केली, तर पडद्यावर ओळी कमी मावायला लागल्या. माझं स्वतःचं ट्रकचं फंक्शन उघडलं आणि मला त्यात जाताच येईना. पाचव्या 'जर'पाशी आलो की पहिला हातातून सुटलेला असायचा. मी ते लिहिलं होतं, आणि मी परक्या घरात आल्यासारखा भिंती चाचपत होतो. मला इतका राग आला की मी कीबोर्ड ढकलून दिला. समोरची माणसं बघायला लागली. मी म्हणालो, गरम फार होतंय. सोलापुरात हे कारण बारा महिने चालतं.

आणि मग मला गुरुजी आठवले. लहान फंक्शन, तीन-चार 'जर'चं, मला अजून पूर्ण दिसत होतं. सुरुवात आणि शेवट एकाच वेळी दिसत होते. सगळा कोड असा असता तर मी आणखी कितीतरी वर्षं इथे बसू शकलो असतो.

मी सूट देणारी ती ओळ पुसून टाकली. ट्रकचं फंक्शन फोडायला घेतलं, अजून थोडं दिसतंय तोवर. 'जर'ची उतरंड काढून गावांचा एक साधा तक्ता केला. आधीच निकाली निघणाऱ्या गोष्टी वरच निकाली काढल्या. प्रत्येक तुकड्याला तो काय करतो ते सांगणारं नाव दिलं. काम सुरेख झालं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी ज्याला शिव्या घालत होतो तो आकडा खरं बोलत होता, आणि ते कळायला माझे डोळे जावे लागले याचा मला आजही संताप येतो.

त्यानंतर मी आकडा पंधराचा बारा केला. पुढच्या तपासणीत नकाशा आणखी काळा आला, मी बाराचा दहा केला. मालक खूश. गिऱ्हाइकांना सांगायला लागला, आमच्याकडे क्वालिटी फार कडक आहे. ऑफिसातले बाकीचे मात्र तापले. मला 'थोरले गुरुजी' म्हणायला लागले, तोंडावर.

सगळ्यात जास्त तापायची ती आमची एक सहकारी. माझ्या खालोखाल तीच जुनी. घरच्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, घरी फोनवर दखनी उर्दूत बोलते, आमच्याशी सोलापुरी मराठीत आणि ग्राहकांशी एकदम पुस्तकी. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. आकडा उतरवला की ती खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करायची.

"सर, गुरुजी म्हातारे झाले की काय? दहाच्या आत काय मावतंय? नुसती कापाकापी होती की."

"मावतं. विचार करून लिहिलं की मावतं."

"विचार करायला टाइम द्या की मग! आकडा तुमी कमी करताव, काम तेवढंच ठेवताव."

अशी आमची जुंपायची. बाकीचे काम सोडून ऐकायचे. ती तावातावाने बोलायची आणि मी मुद्दाम तेल ओतायचो. तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, तरी मी मागे हटत नव्हतो. ही भांडणं मला मनापासून आवडायची. भांडताना मी फक्त एक हट्टी, तिरसट सीनियर असायचो, आणि तसा तर मी आधीपासून होतोच.

दहाचा आठ झाला. आठचा सहा. दर वेळी आदल्या आठवड्यात मी त्या यंत्राला हनुवटी टेकवून आलेलो असायचो. या दोन गोष्टींचा संबंध कुणाला लागायचं कारण नव्हतं.

आकडा सहावर आल्यावर मात्र गाडं बिघडलं. लोक कंटाळले आणि गुरुजींना फसवायला शिकले. मोठं फंक्शन घ्यायचं, मध्येच कापायचं, पहिल्याला 'भाग एक' म्हणायचं, दुसऱ्याला 'भाग दोन'. भाग एक भाग दोनला बोलावतो, तो भाग तीनला, आणि सगळं ओझं एकमेकांच्या डोक्यावर देत पुढे जातात. गुंता तेवढाच, फक्त विखुरलेला. गुरुजींना प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो, प्रत्येकाचा आकडा सहाच्या आत, सगळं हिरवंगार. डोळ्यांच्या दवाखान्यातलं ते यंत्र फसत नव्हतं. हे आमचं मात्र पहिल्याच फटक्यात फसलं. आणि मीही फसलो, कारण सगळं हिरवं दिसतंय म्हणून मी उघडून बघायचं सोडलं होतं. उघडून बघणं मला जडच जात होतं.

मग एका कारखान्यातून फोन आला. ट्रक उलटा भरला गेला होता. बार्शीचा माल आत आणि करमाळ्याचा दाराशी. बार्शीच्या बाजारात भर दुपारी हमालांनी अर्धा ट्रक रस्त्यावर उतरवला आणि पुन्हा भरला. कारखानदार मालकावर ओरडला आणि मालक माझ्याकडे आला. "अरे, ट्रकचं तूच बघ. तुझ्यासारखं कुणाला माहिती नाही ते."

मी बसलो. माझा जुना तक्ता होता, पण त्याच्या आजूबाजूला मधल्या काळात लोकांनी भर घातली होती, भाग एक, भाग दोन, भाग चार. एकातून दुसऱ्यात गेलं की पडद्यावरचं सगळं बदलायचं आणि मी कुठे होतो ते हरवायचं. पुन्हा वरून. पुन्हा हरवायचं. मोठा गुंता निदान एका जागी असतो. हा गुंता माझ्या हातातून पाऱ्यासारखा पळत होता आणि तो मीच आकडा उतरवून उतरवून तयार करवून घेतला होता. जेवणाची सुट्टी झाली, मी उठलो नाही. दुपार सरत आली. मला भीती वाटायला लागली, अगदी लहान मुलाला वाटते तशी.

माझ्याशी भांडणारी ती सहकारी येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. "सापडलं का, सर?"

मी रुबाबात पडद्यावर बोट ठेवलं. "इथे आहे. या ओळीत काहीतरी घोळ आहे."

तिने वाकून माझ्या बोटाखाली बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, तितं काहीच न्हाई. तितं मोकळं हाय."

मी बोट काढून घेतलं. तिने खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसली आणि कोड मोठ्याने वाचायला लागली. मी काही सांगितलं नव्हतं. एकेक ओळ, सावकाश, कुठला 'जर' कुठे संपला तेसुद्धा. चौथ्या तुकड्यात ती थांबली. क्रम उलटा करणारी एक खूण दोनदा लागत होती, एकदा एका तुकड्यात, पुन्हा दुसऱ्यात, म्हणून उलटवलेला क्रम परत पहिल्यासारखा होत होता. "हा तुकडा मीच कापलाय," ती म्हणाली. "सहात बसवायला." तिने दुरुस्त केलं, पुढे पाठवलं. जाताना माझ्या टेबलाच्या कडेला असलेला चहाचा कप उचलून तिने बरोबर माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "चहा समोर ठेवलाय, सर."

कुणाला सांगू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी चहा प्यायलो. तिचे आभार मानायला हवे होते, पण मला तिचा राग आला होता.

त्यानंतरच्या दिवसांत ऑफिसातलं बरंच काही बदललं. भाग एक, भाग दोन नाहीसे झाले. कोड यायला लागला तो नीट विचार करून लिहिलेला, आखूड, पूर्ण, नाव वाचताच काम समजेल असा. इतका चांगला कोड आमच्याकडे कधीच लिहिला गेला नव्हता. माझ्या खुर्चीपर्यंतच्या वाटेत कायम पडलेल्या लॅपटॉपच्या बॅगा भिंतीला गेल्या. एकाने येता-जाता स्वतःचं नाव सांगून बोलायला सुरुवात केली. मी हे सगळं पाहत होतो, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं, आणि मनाला बजावत होतो की लोकांना अखेर शिस्त लागली.

पुढची तपासणी झाली. नकाशाच्या मध्ये नाण्याएवढं पांढरं उरलं होतं.

सोमवारी सगळे बसलेले असताना मी सांगितलं की आजपासून आकडा चार. चार म्हणजे एका फंक्शनात तीन 'जर', बस्स. असं कुणी काम करत नाही. हे अति आहे हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मी भांडायलाच बसलो होतो. उत्तरंही तयार ठेवली होती. ती खुर्ची फिरवेल, गुरुजी आता पुरते खुळे झाले म्हणेल, मागून कुणीतरी थोरले गुरुजी म्हणून हसेल.

पंख्याचा आवाज येत होता. खाली शोरूममध्ये कुणाच्या तरी नव्या गाडीला हार घालताना टाळ्या वाजल्या.

"चालेल, सर," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता.

"बघू, बसवू की," दुसरं कुणीतरी म्हणालं. मालकानेही मान हलवली असावी. तो कडेला बसला होता, मला दिसला नाही.

संध्याकाळी रिक्षाने घरी आलो. बायको स्वयंपाकघरात भाजी परतत होती. वडिलांच्या शाळेत पोरं हसली नाहीत ती गोष्ट मी तिला लग्नानंतर लगेच सांगितली होती, तिने वडिलांना त्या खुर्चीत पाहिलंही होतं. मी दारातच उभा राहिलो.

"आज कोणी भांडलं नाही," मी म्हणालो.

कढईतला चमचा थांबला. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन बसली. शेजारी नाही, बरोबर माझ्या समोर, जिथे बसली की मला दिसते तिथे.